बाळाच्या मेंदूचा एमआरआय वयाप्रमाणे कसा वाचावा: सोलापूर जिल्ह्यातल्या डॉक्टर, टेक्निशियन आणि पालकांसाठी

टी२ ची (एमआरआय प्रतिमेच्या टी१ आणि टी२ या दोन मुख्य प्रकारांपैकी एक) फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावली आहे असं समजा. मोठ्या मेंदूचं जवळपास सगळं व्हाइट मॅटर (मज्जातंतूंचा आतला भाग) पांढरं दिसतंय, कडेचं ग्रे मॅटर (पेशींचा थर) त्याहून काळं. ही फिल्म तीन महिन्यांच्या बाळाची असेल तर बाळ बहुधा ठीक आहे. तीन वर्षांच्या मुलाची असेल तर गंभीर आजार आहे. फिल्म तीच, अर्थ मात्र पूर्ण उलटा. म्हणून लहान मुलाच्या मेंदूचा एमआरआय वाचताना पहिला प्रश्न "काय दिसतंय" हा नसतो, "वय काय" हा असतो. वय न बघता लिहिलेला रिपोर्ट कितीही सुंदर भाषेत असला तरी त्याचा उपयोग नाही.

हा लेख मुख्यतः बालरोग आणि रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरांसाठी, तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांसाठी आणि स्कॅन सेंटरवरच्या टेक्निशियनसाठी आहे. पण ज्यांच्या बाळाला एमआरआय सांगितला आहे अशा आईवडिलांनीही वय आणि तयारीचे भाग जरूर वाचावेत. निम्मी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

आधी हे समजून घ्या: मेंदूत नेमकं बदलतं काय

नवजात बाळाच्या मेंदूत पाणी फार असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या व्हाइट मॅटरमध्ये पाण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या जवळ जातं. प्रौढ माणसात ते ७० टक्क्यांच्या आसपास असतं. एमआरआयचा सिग्नल मुख्यतः याच पाण्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनकडून येतो. रेडिओ लहरींनी प्रोटॉनना ऊर्जा दिली की ती आजूबाजूला सोडून मूळ स्थितीत यायला लागणारा वेळ म्हणजे टी१. सगळे प्रोटॉन एका तालात फिरत असतात, तो ताल बिघडायला लागणारा वेळ म्हणजे टी२. मोकळ्या पाण्याचे हे दोन्ही वेळ लांब असतात. पाणी चरबीच्या आणि प्रथिनांच्या मोठ्या रेणूंजवळ अडकलं की दोन्ही आखूड होतात.

आकडे डोळ्यासमोर असलेले बरे. ३ टेस्लाच्या मशीनवर नवजात बाळाच्या व्हाइट मॅटरचा टी१ साधारण अडीच हजार मिलिसेकंदांच्या घरात असतो. प्रौढात तो ८०० ते १००० पर्यंत उतरतो. १.५ टेस्लावर नवजात व्हाइट मॅटरचा टी२ २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा वर, तर प्रौढात ८० च्या आसपास. चुंबकाची ताकद वाढली की टी१ लांबतो, त्यामुळे एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी ताडून बघू नका.

ही घट दोन कारणांनी होते. पहिलं कारण म्हणजे पाणी कमी होणं, आणि ते मायलिन (मज्जातंतूवरचं चरबीयुक्त वेष्टण) दिसायच्या आधीच सुरू झालेलं असतं. दुसरं कारण मायलिन. ऑलिगोडेंड्रोसाइट नावाची पेशी आपलं पटल मज्जातंतूभोवती गुंडाळत जाते, मागावरच्या कांडीवर सूत भरावं तसं, थरावर थर. या पटलात कोलेस्टेरॉल आणि ग्लायकोलिपिड भरपूर. ते जमू लागले की जवळच्या पाण्याचा टी१ आखूड होतो, म्हणून टी१ च्या फिल्मवर तो भाग पांढरा दिसू लागतो. पुढे थर घट्ट बसतात, मधलं पाणी हटतं, तेव्हा टी२ आखूड होतो आणि टी२ च्या फिल्मवर तोच भाग काळा होतो. घट्ट बसायला वेळ लागतो. म्हणून कुठल्याही भागात बदल आधी टी१ वर दिसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी टी२ वर. पुढचं सगळं वाचन या एका गोष्टीवर उभं आहे.

मायलिन कुठे आधी आणि कुठे नंतर येतं, याचा क्रम एमआरआयच्या कितीतरी आधी ठाऊक होता. जर्मनीतल्या पॉल फ्लेक्सिग यांनी मृत बाळांच्या मेंदूचे काप रंगवून तो मांडला होता, आणि १९६७ साली याकोवलेव्ह आणि लकूर यांनी त्याचं सविस्तर वेळापत्रक दिलं. १९८० च्या दशकात एमआरआयने तोच क्रम जिवंत, झोपलेल्या बाळात दाखवला. मला आजही याचं फार अप्रूप वाटतं. क्रम असा: खालून वर, मागून पुढे, मध्यातून कडेला. ब्रेनस्टेम आधी, मोठा मेंदू नंतर. डोक्याच्या मागचा भाग आधी, कपाळामागचा नंतर. स्पर्श आणि नजरेचे मार्ग आधी, विचार आणि नियोजनाचे मार्ग सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: खरं वय काढा

आपल्याकडे वय विचारलं की जन्मतारीख सांगतात, आणि मशीनवर तीच भरली जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाला ते चालतं. पण सोलापुरात एमआरआयला येणाऱ्या बाळांमध्ये दिवस कमी भरलेली बाळं बरीच असतात, आणि ती माहिती आपणहून कोणी सांगत नाही. विचारावी लागते. "आजी, बाळ दिवस भरून झालं का आधी?" "आठव्यात झालं की ओ, महिनाभर काचंत ठेवलं हुतं." एवढ्या एका वाक्याने रिपोर्टची दिशा बदलते.

"आठव्यात" म्हणजे किती आठवडे, हे मात्र त्यावरून ठरवू नका. आठवा महिना लागला तेव्हाही आठव्यातच, संपला तेव्हाही आठव्यातच. मध्ये चार आठवड्यांचा फरक पडतो. माता-बाल संरक्षण कार्ड मागा. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेली असते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झाली असेल तर तिच्यावरून काढलेली अपेक्षित तारीख जास्त भरवशाची. एसएनसीयूच्या किंवा एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या विशेष देखभाल कक्षाच्या) डिस्चार्ज कार्डावरही जन्मावेळचे आठवडे असतात.

हिशेब करायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे जन्मतारीख बाजूला ठेवा आणि अपेक्षित तारखेपासून आजपर्यंतचं वय मोजा. तेच दुरुस्त वय. समजा बाळ ३२ आठवड्यांचं जन्मलं, म्हणजे ८ आठवडे आधी. आज ते सहा महिन्यांचं, म्हणजे २६ आठवड्यांचं आहे. दुरुस्त वय १८ आठवडे, चार महिन्यांहून थोडं जास्त. सहा महिन्यांच्या बाळात टी२ वर कॉर्पस कॅलोझमचा (मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलाचा) मागचा भाग काळा दिसायला हवा. चार महिन्यांच्या बाळात तो दिसला नाही तरी काळजीचं कारण नाही. जन्मतारखेवरून वाचलं असतं तर या बाळाच्या रिपोर्टवर "मायलिनेशन उशिरा" असा शेरा पडला असता, आणि ते आईवडील पुढचं वर्षभर तो कागद घेऊन पुण्या-मुंबईच्या वाऱ्या करत बसले असते.

टेक्निशियननी दोन्ही वयं फॉर्मवर लिहावीत. दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वय वापरावं. त्यानंतर फरक पडत नाही.

दुसरी पायरी: स्कॅन कधी करायचा

हे कारणावर अवलंबून आहे. दिवस कमी भरलेल्या बाळाचा मेंदू बघायचा तर ३८ ते ४२ आठवड्यांच्या बेतात, म्हणजे बाळाचे आईच्या पोटातले दिवस भरले असते त्या सुमाराला करावा.

जन्मल्यावर न रडलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळात गोष्ट वेगळी. तिथे डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा स्कॅनचा प्रकार) सगळ्यात मोलाचं. पहिल्या २४ तासांत इजा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला ती सगळ्यात स्पष्ट दिसते. साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी डिफ्युजनचे आकडे परत नॉर्मलसारखे होतात, इजा असली तरी. थंड उपचार (शरीर मुद्दाम गार ठेवण्याचे) दिलेल्या बाळात हे आणखी काही दिवस लांबू शकतं. दुसऱ्या आठवड्यात फक्त डिफ्युजन बघून "सगळं ठीक" असं लिहिणं म्हणूनच धोक्याचं; तेव्हा टी१ आणि टी२ वर भर द्यायचा.

मान धरत नाही, पालथं पडत नाही, नजर लावत नाही म्हणून आलेलं मूल असेल आणि घाई नसेल, तर सहा ते बारा महिन्यांच्या मधला काळ शक्यतो टाळावा. त्या काळात ग्रे आणि व्हाइट मॅटर दोन्ही जवळपास सारख्याच छटेचे दिसतात, कारण एकाची छटा दुसऱ्याला ओलांडून उलट बाजूला जात असते. फिल्म धूसर दिसते आणि बारीक दोष लपून राहतात. झटके येत असतील किंवा मूल शिकलेलं विसरत असेल तर मात्र थांबू नका, वय काहीही असो.

तिसरी पायरी: बाळाची तयारी

एमआरआयला बरीच मिनिटं लागतात, आणि बाळ हललं की सगळं वाया. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला औषधाशिवाय झोपवून स्कॅन करता येतो: पोटभर पाजायचं, गुंडाळायचं, झोपलं की आत. यासाठी बाळाने स्कॅनच्या अर्धा-पाऊण तास आधी भरपूर प्यायला हवं.

थोडं मोठं बाळ असेल आणि गुंगीचं औषध द्यायचं असेल तर सूचना बरोबर उलट: पोट रिकामं. अंगावरचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध आणि अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तासांपर्यंत. या दोन सूचनांची गल्लत होणं बाळाच्या जिवाला धोक्याचं आहे, कारण गुंगीत उलटी झाली तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. पालकांनी अपॉइंटमेंट घेतानाच स्पष्ट विचारावं, "पाजून आणायचं की उपाशी?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावं. ट्रायक्लोफॉससारखं औषध, त्याचं प्रमाण आणि देण्याची वेळ डॉक्टरच ठरवतील. हे औषध घरून पाजून आणू नका. गुंगीतल्या बाळाच्या बोटाला एमआरआयमध्ये चालणारा ऑक्सिमीटर लावलेला असावा आणि त्याच्याकडे बघणारं माणूस जवळ असावं.

पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांना एक सांगणं. एसटीत बाळ हमखास झोपतं आणि स्कॅनच्या वेळी टक्क जागं राहतं. वाटेत त्याला खेळवत, जागं ठेवत आणा. झोप सेंटरवर लागू दे.

आता अंगावरच्या वस्तू. वाळे, मनगट्या, करगोट्यातले चांदीचे मणी, ताईत, कानातले, काळ्या दोऱ्यात ओवलेली पिन, झबल्याची टिच बटणं, सगळं काढायचं. आमच्याकडे विसरली जाते ती कुंची. बारशाची जरीची कुंची हौसेनं घालून आणतात, आणि जरीत धातूची तार असू शकते. ती काढून साधं सुती टोपडं घाला. चांदी चुंबकाला चिकटत नाही म्हणून चालेल, असं समजू नका. धातू रेडिओ लहरींनी तापू शकतो आणि त्याच्या आसपासची प्रतिमा वेडीवाकडी येते. काजळही पुसून आणा, काही काजळांत धातूचा अंश असतो. गुंडाळायला जाड सोलापुरी चादर नको. मशीनच्या आत बाळ तापतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ते आधीच तापलेलं आलेलं असतं. एक-दोन सुती दुपटी पुरेत. कानांत कापूस किंवा फोमचे बोळे आणि वर कान झाकणारी टोपी लागतेच, कारण मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो.

चौथी पायरी: सेटिंग बाळाचं करा, मोठ्यांचं नको

प्रौढांच्या मेंदूचा तयार प्रोटोकॉल दाबून बाळाचा स्कॅन करणं ही अनेक ठिकाणी दिसणारी चूक आहे. बाळाच्या मेंदूत पाणी जास्त, टी२ लांब. म्हणून टी२ सिक्वेन्सचा टीई (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत) वाढवायला हवा. १.५ टेस्लावर मोठ्यांना ९०-१०० चालतो, बाळाला १२० ते १५० किंवा त्याहूनही वर न्या. टीआरही (लागोपाठच्या दोन रेडिओ लहरींमधला वेळ) वाढवा, ४००० मिलिसेकंदांच्या वर. नाहीतर नवजात मेंदूतला फरक मुळात उमटतच नाही, आणि मग दोष वाचणाऱ्याच्या माथी येतो.

काप ३ मिलिमीटरचे घ्या, फार तर ४. फिल्ड ऑफ व्ह्यू डोक्याच्या मापाचा ठेवा. मधोमध उभा टी१ काप हवाच, कॉर्पस कॅलोझम त्यावर नीट दिसतं. डिफ्युजन प्रत्येक बाळात. रक्तस्रावाची शंका असेल तर एसडब्ल्यूआय (रक्ताचे अंश ठळक दाखवणारा सिक्वेन्स). फ्लेअरवर (मोकळ्या पाण्याचा उजेड दाबणारा सिक्वेन्स) पहिल्या वर्षात वेळ घालवू नका, त्यात व्हाइट मॅटरची छटा वयानुसार इतकी बदलते की मदतीपेक्षा गोंधळच जास्त होतो. दोन वर्षांनंतर फ्लेअर खऱ्या अर्थाने उपयोगी. मायलिन बघायला कॉन्ट्रास्ट लागत नाही.

पाचवी पायरी: जागा ठरवून वाचा

सगळ्या मेंदूवरून नजर फिरवत "एकंदरीत बरं वाटतंय" असं म्हणू नका. ठराविक जागा, ठराविक क्रमाने. आणि एक नियम पक्का: पहिल्या सहा-आठ महिन्यांत मायलिनसाठी टी१ वर विसंबा, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत टी२ वर. टी१ वर सगळं वर्षभरात मोठ्यांसारखं दिसू लागतं, त्यानंतर तो फारसं बोलत नाही.

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात बेसल गँग्लियाच्या (मेंदूच्या मध्यातल्या ग्रे मॅटरच्या गोळ्यांच्या) पातळीचा टी१ काप उघडा. थॅलॅमस आणि लेंटिफॉर्म न्यूक्लियसच्या मधून जाणारी इंटर्नल कॅप्सूलची मागची बाजू, जिला आपण पीएलआयसी म्हणतो, तिच्या मागच्या अर्ध्या भागात एक बारीक, स्पष्ट पांढरी रेघ दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखी. टी२ वर तिथेच काळी रेघ. न रडलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळात ही रेघ गायब असेल तर पुढे हातापायांच्या हालचालींना त्रास होण्याची शक्यता बरीच असते. या बोटभर जागेवर एक मिनिट जास्त घालवा. पण बाळ ३४ आठवड्यांचं असेल तर ती रेघ अजून यायचीच असते. तिथे "गायब" हा शब्द वापरूच नका. याशिवाय नवजात बाळात ब्रेनस्टेमची मागची बाजू, सेरेबेलमचे (लहान मेंदूचे) वरचे आणि खालचे देठ, थॅलॅमसचा बाहेरचा-खालचा भाग आणि वर सेंट्रल सल्कसच्या आजूबाजूचा पट्टा मायलिनचा असतो. उरलेला मेंदू अजून रिकामा.

तीन महिन्यांच्या सुमाराला टी१ वर सेरेबेलमचं व्हाइट मॅटर पांढरं होतं आणि इंटर्नल कॅप्सूलची पुढची बाजूही उजळते. तीन-चार महिन्यांत कॉर्पस कॅलोझमचा मागचा टोकाचा भाग, म्हणजे स्प्लेनियम, टी१ वर पांढरा. चार ते सहा महिन्यांत पुढचा वाकलेला भाग, म्हणजे जेनू, टी१ वर पांढरा, आणि त्याच काळात स्प्लेनियम टी२ वर काळं. आठ महिन्यांपर्यंत जेनू टी२ वरही काळं. अकरा महिन्यांपर्यंत इंटर्नल कॅप्सूलची पुढची बाजू टी२ वर काळी. मग डोक्याच्या मागच्या भागातलं व्हाइट मॅटर, चौदा महिन्यांपर्यंत. कपाळामागचं, अठरा महिन्यांपर्यंत. दोन वर्षांना टी२ ची फिल्म बहुतांशी मोठ्यांसारखी, कानशिलामागच्या टोकाचा भाग सर्वांत शेवटी.

पाठ करायचं तर एवढंच करा: जन्माला पीएलआयसी, चारला टी१ स्प्लेनियम, सहाला टी१ जेनू आणि टी२ स्प्लेनियम, आठला टी२ जेनू, अकराला टी२ पुढची कॅप्सूल, अठराला टी२ फ्रॉन्टल. टेक्निशियननी हा कागद कन्सोलजवळ चिकटवून ठेवला तर रात्रीच्या ड्युटीवर फार उपयोगी पडेल.

सहावी पायरी: डिफ्युजनचे आकडे वयाच्या मापाने मोजा

पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे एडीसी सांगतो. नवजात बाळाच्या मोठ्या मेंदूतल्या व्हाइट मॅटरमध्ये तो १.६ ते १.८ च्या आसपास असतो (एकक: दहाचा उणे तिसरा घात, चौरस मिलिमीटर प्रति सेकंद). प्रौढात ०.७ ते ०.८. नवजात बाळाच्या थॅलॅमस आणि पीएलआयसीमध्ये १.० च्या आसपास. यातून निघणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. नवजात बाळाच्या थॅलॅमसमध्ये ०.७५ आकडा आला आणि तुमच्या डोळ्याला प्रौढांची सवय असेल, तर तुम्ही तो नॉर्मल म्हणून सोडून द्याल. तो नॉर्मल नाही. तिथे ताजी इजा आहे. नुसत्या डिफ्युजनच्या फिल्मवर ही इजा उठून दिसेलच असं नाही, कारण भोवतालच्या पाण्याचा उजेडही तितकाच जास्त असतो. एडीसीचा नकाशा उघडून कर्सर ठेवून मोजाच.

दिशेनुसार हालचाल मोजणारं एफए वय वाढेल तसं वाढतं, आणि गंमत म्हणजे कॉर्पस कॅलोझममध्ये ते मायलिन यायच्या आधीच बऱ्यापैकी असतं, कारण तंतू समांतर, दाट बसलेले असतात. रोजच्या कामात ते लागत नाही.

स्पेक्ट्रोस्कोपी करायचीच असेल तर

स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे मेंदूतल्या रसायनांचं प्रमाण आलेखातल्या शिखरांवरून बघणं. नवजात बाळात कोलीनचं शिखर सगळ्यात उंच, मायो-इनोसिटॉलही उंच, आणि एनएए (मज्जापेशींची खूण असलेलं रसायन) ठेंगणा. वय वाढेल तसा एनएए वर चढतो आणि कोलीन उतरतं. मोठ्यांच्या मेंदूत कोलीन उंच दिसलं की ट्यूमरची शंका घेतात. बाळात घेऊ नका. आलेखावर १.३ पीपीएमच्या जागी लॅक्टेटचं दुहेरी शिखर ठळक दिसलं तर न रडलेल्या बाळात ते वाईट लक्षण. दिवस कमी भरलेल्या बाळात थोडंसं लॅक्टेट असूही शकतं.

नॉर्मल असून आजारासारखं दिसणारं

व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) मागच्या कोपऱ्याजवळचं व्हाइट मॅटर टी२ वर कितीतरी वर्षं फिकट पांढरं राहतं, अगदी किशोरवयापर्यंतही. तिथलं मायलिन सर्वांत उशिरा येतं. याला दिवस कमी भरलेल्या बाळांतली पीव्हीएल (व्हेंट्रिकलभोवतालच्या व्हाइट मॅटरची इजा) समजण्याची गल्लत वारंवार होते. फरक असा ओळखा: नॉर्मलमध्ये हा पांढरा भाग आणि व्हेंट्रिकल यांच्या मध्ये मायलिनची एक बारीक काळी पट्टी असते आणि व्हेंट्रिकलची कड गुळगुळीत असते. पीव्हीएलमध्ये ती पट्टी नसते, व्हाइट मॅटर झिजलेलं असतं आणि व्हेंट्रिकलची कड ओबडधोबड होते.

नवजात बाळाची पिट्युटरी पहिले दोन महिने टी१ वर पूर्ण पांढरी दिसते, ते रक्त नव्हे. ग्लोबस पॅलिडस नवजात बाळात टी१ वर किंचित पांढरा असू शकतो. ठळक पांढरा असेल आणि बाळाची कावीळ फार वाढलेली होती तर मात्र कर्निक्टेरसचा (काविळीमुळे मेंदूला झालेल्या इजेचा) विचार करा. उलट दहा वर्षांच्या पुढच्या मुलात ग्लोबस पॅलिडस टी२ वर काळा दिसू लागतो, तो वयानुसार साठणाऱ्या लोहामुळे.

आणखी एक, नॉर्मल नसलेलं पण वारंवार चुकणारं: जन्मल्यानंतर साखर फार खाली गेलेल्या बाळात इजा डोक्याच्या मागच्या भागात, पराइटल आणि ऑक्सिपिटल लोबमध्ये असते. बाळ पहिले दिवस नीट पीत नव्हतं, सुस्त होतं, मग झटके आले, अशी हकीकत असेल तर तो भाग आधी बघा.

"मायलिनेशन उशिरा" लिहिण्याआधी

हे दोन शब्द लिहायला सोपे, पण कुटुंबावर फार जड पडतात. म्हणून आधी दुरुस्त वय पुन्हा तपासा. मग सिक्वेन्सचा टीई बघा. मग किमान दोन जागा मागे आहेत का, हे बघा. एकट्या जेनूवरून निकाल देऊ नका.

खरंच मागे असेल तर बरं करता येणारी कारणं आधी शोधायला सांगा. आपल्या भागात माझ्या यादीत बी१२ ची कमतरता सगळ्यात वर आहे. आई अनेक वर्षं पूर्ण शाकाहारी, घरात दूधदुभतंही कमी, बाळ वर्षाचं होत आलं तरी फक्त अंगावर. बाळ पांढुरकं, सुस्त, हातांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडलेली, केस विरळ आणि भुरे, आधी हसणारं बाळ आता हसत नाही, कधी अंगाला कंप. अशा बाळाच्या एमआरआयमध्ये मेंदू आक्रसलेला आणि मायलिन मागे दिसतं. आईची आणि बाळाची बी१२ तपासणी आणि वेळेवर उपचार यांनी बाळ खूप सुधारतं. रेडिओलॉजिस्टने रिपोर्टमध्ये हे एक वाक्य लिहिलं तर काही आठवड्यांत फरक दिसू शकतो, म्हणून ते लिहा. दुसरी तपासणी थायरॉइडची. टीएसएच स्वस्तात होतो. कुपोषणही विसरू नका.

ही कारणं नसतील तर हायपोमायलिनेशनचे (मायलिन कायम अपुरं राहण्याचे) जनुकीय आजार येतात, उदाहरणार्थ पेलिझियस-मर्झबाखर. पण एका स्कॅनवर हे निदान ठरत नाही. उशीर आणि कायमचा अभाव यांतला फरक कळायला किमान सहा महिन्यांच्या अंतराने दोन स्कॅन हवेत, आणि त्यातला एक तरी वर्ष पूर्ण झाल्यानंतरचा. दुसऱ्या स्कॅनमध्ये थोडी का होईना प्रगती दिसली तर तो उशीर; काहीच पुढे सरकलं नसेल तर अभाव.

रिपोर्टची भाषा अशी ठेवा: "जन्म ३२ आठवडे, जन्मतारखेनुसार वय ६ महिने, दुरुस्त वय ४ महिने. टी१ वर पीएलआयसी, पुढची कॅप्सूल आणि स्प्लेनियममध्ये मायलिन आहे, जेनूमध्ये सुरुवात. टी२ वर स्प्लेनियममध्ये अजून नाही. मायलिनेशन दुरुस्त वयाला साजेसं." यात पुढच्या डॉक्टरला तुलनेसाठी लागणारं सगळं येतं.

बाळ मागे असेल तर स्कॅनची वाट बघत उपचार थांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. फिजिओथेरपी, नजरेची आणि कानाची तपासणी लगेच सुरू होऊ शकते, आणि पहिल्या दोन वर्षांत, मेंदू एवढ्या वेगाने बदलत असताना, तिचा उपयोग सर्वाधिक.

पालकांनी फिल्मबरोबर सीडी मागून घ्यावी आणि ती कार्डाच्या पिशवीतच ठेवावी. सहा महिन्यांनी दुसरा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर करा. डॉक्टरांनी दोन्ही टी२ चे तेच काप शेजारी शेजारी लावावेत: बेसल गँग्लियाच्या पातळीचा एक, त्याच्या वर व्हेंट्रिकलच्या छताच्या पातळीचा एक, आणि मधोमध उभा टी१. या तीन कापांवर मायलिन पुढे सरकलं की नाही, हे बहुतेक वेळा पाच मिनिटांत ठरतं.